चाकाआडचे सौंदर्य

मोटारीचा रंग कोणता असावा, आसनांची आवरणे कशी असावीत, याविषयी आपल्या प्रत्येक घरात प्रत्येकाचे एक मत असते. ब्रेकची डिस्क देखणी असावी की नाही, हा प्रश्न मात्र माझ्या पिढीपुढे कधी आलाच नाही, कारण ती दिसतच नव्हती. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात ब्रेक ड्रमच्या पोटात झाकलेले असत. पुढे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्यानंतर पोलादी चाकांच्या जागी मोकळ्या आऱ्यांची अलॉय चाके आली, आणि पडद्याआडचा हा भाग रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसू लागला. एखादी वस्तू दिसू लागली की ती सजवण्याची इच्छा होते आणि इच्छेपाठोपाठ बाजारही उभा राहतो. गेल्या पावसाळ्यापूर्वी या बाजाराशी माझा जवळून परिचय झाला.

आमची गाडी लहान आहे, अकरा वर्षांची, ९२ हजार किलोमीटर चाललेली. नातीची शाळा, घरचा बाजारहाट, नातेवाइकांकडील कार्ये, अशी तिची रोजची चाकरी. त्याखेरीज चिरंजीव कामानिमित्त महिन्यातून दोनदा तीच गाडी घेऊन आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातात. सुटीच्या दिवसांत सूनबाई आणि नातही बरोबर असतात. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत मेस्त्रींनी पुढचे चाक उतरवले आणि मला डिस्कच्या कडेवरून बोट फिरवून पाहण्यास सांगितले. बोटाला स्पष्ट कंगोरा लागला. ब्रेकचे पॅड जेथे घासतात तो भाग झिजून खाली गेला होता आणि अगदी बाहेरची कड, जिला पॅड स्पर्श करत नाही, ती मूळ उंचीवर तशीच उभी होती.

“साहेब, इथं व्हर्नियर लावला तर फसवतो,” मेस्त्री म्हणाले. “त्याचे जबडे या कडेवर बसतात, आणि डिस्क नवी असल्यासारखं माप दाखवतात.” त्यांनी मायक्रोमीटर घेऊन कडेच्या आत, पॅडच्या वाटेवर माप घेतले. ते २०.४ मिलिमीटर भरले. नवी डिस्क २२ मिलिमीटरची, आणि तिच्यावर ओतीव अक्षरांत किमान जाडी २० मिलिमीटर अशी नोंद होती. पॅडही संपत आले होते. नवे पॅड घातले असते, तर ते संपण्याच्या कितीतरी आधी डिस्कने मर्यादा ओलांडली असती. तेव्हा दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदलावेत, असे ठरले. एकाच बाजूची डिस्क बदलली तर दोन्ही चाके सारखी थांबत नाहीत आणि गाडी एका अंगाला ओढते. म्हणून हा सौदा नेहमी जोडीचाच असतो.

धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. खरेदी तेथेच होणार हे उघड होते. मी गेलो तेव्हा गल्ल्याशेजारी एक झगमगीत मांडणी होती. सोनेरी मुलामा दिलेल्या, आरपार छिद्रांची नक्षी असलेल्या, तिरक्या खाचा पाडलेल्या डिस्क उभ्या करून ठेवल्या होत्या. शेजारी लाल प्लास्टिकची झाकणे होती. साध्या कॅलिपरवर बसवली की शर्यतीच्या गाडीचा कॅलिपर वाटावा, अशी त्यांची योजना.

“काका, आता अलॉय चाकं आहेत तुमच्या गाडीला. आत हे सोनेरी दिसलं पाहिजे,” पुतण्या म्हणाला. “आणि नुसतं दिसायला नाही, छिद्रांमुळे ब्रेक थंडही राहतो. मोटारसायकलींच्या डिस्कला छिद्रं असतातच की!”

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. वयस्क माणसे ‘दिसण्याला काय करायचे आहे?’ असे म्हणून तरुणांचे तोंड बंद करतात. ते मला पटत नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलेली खतावणी पाहून मला बँकेत नेहमी आनंद होत असे, आणि ज्याची खतावणी नीटनेटकी त्याचा व्यवहारही बहुधा नेटका असे. सौंदर्याशी माझे भांडण नाही. ते कामातून आले आहे की कामावर चिकटवले आहे, एवढेच मला तपासायचे होते.

त्यासाठी डिस्कचे काम काय, हे आधी समजून घ्यावे लागते. वाणिज्य शाखेच्या माणसाने पदार्थविज्ञान शिकवू नये, पण हिशेब मांडायला हरकत नाही. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात जवळपास तीन लाख जूल ऊर्जा असते. गाडी थांबवणे म्हणजे या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढी उष्णता त्या काही सेकंदांत ब्रेकमध्ये उत्पन्न होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. घाटाचा हिशेब तर याहून बोलका आहे. उंचीतील फरक ५०० मीटर धरला, तर हीच गाडी खाली उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती ८० च्या वेगावरून वीस वेळा थांबण्याइतकी भरते. त्यातला काही भाग वारा आणि इंजिन उचलतात. म्हणूनच ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही जुन्या चालकांची शिकवण खरी आहे. बाकीचा सारा भार डिस्कवर पडतो.

हा भार पेलण्यासाठी डिस्कजवळ दोन साधने असतात. एक तिचे वजन. जड लोखंड उष्णता साठवते आणि त्यामुळे तापमान एकदम चढत नाही. दुसरे साधन म्हणजे वारा. पुढच्या चाकांची डिस्क बहुतेक गाड्यांत पोकळ असते. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये उभी पाती अशी तिची रचना असते. चाक फिरले की ही पाती पंख्याप्रमाणे मधल्या भागातून वारा ओढून कडेने बाहेर फेकतात. डिस्क थंड होते ती मुख्यतः या पात्यांमुळे. आता छिद्रांचा विचार करू. छिद्र पाडले की लोखंड कमी झाले, म्हणजे उष्णता साठवण्याचे भांडेच लहान झाले. शिवाय वारंवार तापून निवणाऱ्या लोखंडाला चीर जायची असेल, तर ती छिद्राच्या काठापासून सुरू होते.

मग छिद्रे आली कोठून? ती शर्यतीच्या मैदानावरून आली. १९५३ साली फ्रान्समधील ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि तेव्हापासून या ब्रेकचा लौकिक वाढला. पुढे शर्यतीतील प्रचंड उष्णतेने पॅडमधून वायू निघत. त्या वायूला वाट मिळावी आणि डिस्क हलकी व्हावी, म्हणून छिद्रे पाडली जाऊ लागली. आजच्या पॅडमधून असा वायू फारसा निघत नाही. शर्यतीच्या संघाला तडकलेली डिस्क पुढच्या फेरीपूर्वी बदलता येते. आपल्याला साखरप्याच्या अलीकडे, पावसात, तशी सोय नसते. पोर्शसारखे उत्पादक कारखान्यातूनच छिद्रांच्या डिस्क बसवतात हे खरे आहे. पण तेथे छिद्राची जागा मधल्या पात्यांचा विचार करून ठरवलेली असते, काठ घासून गोल केलेले असतात, आणि डिस्कचा आकारही त्या गाडीच्या मानाने मोठा असतो. मोटारसायकलचे गणित तर वेगळेच आहे. तिची डिस्क बहुधा गंज न लागणाऱ्या पोलादाची पातळ चकती असते, चारही बाजूंनी वाऱ्यावर उघडी असते आणि तिला वाहन थांबवायचे ते कितीतरी हलके. तिच्याकडे बोट दाखवून मोटारीची डिस्क निवडणे म्हणजे किराणा दुकानाचा ताळेबंद पाहून सूतगिरणीला कर्ज देण्यासारखे आहे.

तिरक्या खाचांची बाजू थोडी अधिक बळकट आहे. त्या पॅडवरची धूळ आणि पाण्याचा पापुद्रा खरवडून काढतात. त्याची किंमत म्हणजे पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक लावताना घरघर ऐकू येते. शाळेच्या आणि बाजाराच्या फेऱ्यांसाठी हा व्यवहार मला फायद्याचा वाटला नाही.

मी त्या सोनेरी जोडीतली एक डिस्क उजेडात नेऊन पाहिली. छिद्रांचे काठ धारदार, तसेच सोडलेले. कडेने आत डोकावले, तर काही छिद्रे मधली पाती अर्धी कापून गेली होती. म्हणजे साधी डिस्क घेऊन वरून नक्षी पाडली होती. किमान जाडीची नोंद कोठेही नव्हती. पेटीवर शर्यतीच्या गाडीचे मोठे चित्र होते, पण उत्पादकाचे नाव आणि पत्ता नव्हता. पेटीबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत असावी लागते, हे आपल्या व्यापारी घरांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

मुलाम्याविषयी मी पुतण्याला एवढेच विचारले, “गुजरीत सोनार दागिना कसा पारखतो?”

“कसोटीवर घासून.”

“मग इथे पॅड हीच कसोटी. गाडी दुकानातून बाहेर पडली की पहिल्या काही ब्रेकांतच ती घासायला लागते. पॅड फिरतो तिथले सोने घरी पोहोचेपर्यंत शिल्लक राहत नाही.”

तो हसला, पण त्याने हार मानली नाही. “काका, गिऱ्हाईक इतकं बघत नाही. साडी घेताना कोण वीण मोजतं?”

सौभाग्यवती बरोबर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “आम्ही पदर उलटा करून बघतो की रे!”

या संभाषणाला हसण्यापलीकडची एक बाजू होती. विक्रेत्या प्रतिनिधीने पुतण्यापुढे योजना ठेवली होती. पंचवीस जोड्या एकदम उचलल्यास जादा सवलत मिळणार होती. एका सोनेरी जोडीत साध्या तीन जोड्यांचा नफा सुटत होता. दुकान नवे, कॅश क्रेडिटची मर्यादा जवळपास संपूर्ण वापरलेली, आणि दसरा पुढे. या घासाला नाही म्हणणे सोपे नव्हते, याची मला कल्पना आहे. कर्जखात्यांच्या टेबलावर मी आयुष्य काढले आहे. ३१ मार्चपुरता सजवलेला ताळेबंद मी पुष्कळ वेळा पाहिला. आकडे एका दिवसासाठी देखणे होत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मूळ रूपात येत. अशा सजावटीने एक दिवस निभावतो. ब्रेकच्या बाबतीत तोही निभावेल याची खात्री नाही, आणि गाडीत बसलेले मूल तर कर्जाच्या कागदावर सहीदेखील करत नाही. मी पुतण्याला सल्ला दिला नाही. ‘तुझी सूनमावशी या गाडीत बसणार असेल तर कोणती जोडी देशील?’ असला प्रश्न विचारून त्याला कोंडीतही धरले नाही. डिस्क त्याच्या हातात दिली आणि कापलेली पाती दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

नंतर त्यानेच आतून दुसरी पेटी आणली. त्यातली डिस्क सपाट, बिनछिद्रांची, पण अंगभर रुपेरी करडा लेप दिलेली होती. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा हा लेप गंजाला अडवतो. पॅडच्या वाटेवरचा लेप पहिल्याच दिवशी निघून जातो आणि तो जावाच, अशीच योजना असते. मधला टोपीसारखा भाग, बाहेरची कड आणि आतली पाती येथे तो टिकतो. गंमत अशी की अलॉय चाकाच्या आऱ्यांतून नजरेला पडतात ते नेमके मधला भाग आणि कड हेच. पॅडची वाट तर रोजच्या घासण्याने आपोआप आरशासारखी राहते. म्हणजे जे दिसायला हवे ते लेपाने देखणे राहते, आणि जे घासले जाते ते कामाने. किंमत साध्या डिस्कपेक्षा थोडी अधिक, सोनेरी जोडीच्या निम्म्याहून कमी. मी ती घेतली, आणि आनंदाने घेतली.

गंजाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुष्कळांना त्याची अकारण भीती वाटते. डिस्क राखाडी बिडाची असते. नोकरीच्या काळात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांत मालाच्या तपासणीसाठी मला नेहमी जावे लागे. कोल्हापूरचे ओतकाम देशभरच्या वाहन कारखान्यांना जाते. अंगणात बिडाच्या ओतीव मालाचे ढीग तांबूस होऊन पडलेले असत. पहिल्या भेटीत मी माल खराब झाला आहे का, असे विचारले, तेव्हा वयोवृद्ध मालकांनी एक नग लेथवर लावून वरची कातडी उतरवून दाखवली. आतून स्वच्छ राखाडी धातू निघाला. या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने असतो. तो उष्णता चटकन वाहून नेतो आणि कंपही शोषून घेतो. म्हणून एवढ्या प्रगतीनंतरही रोजच्या मोटारीच्या डिस्कला हेच साधे, स्वस्त द्रव्य वापरले जाते. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी नारिंगी दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. दोन-चार ब्रेकांत ती पुन्हा चमकते. चिंता करावी ती खोल खड्ड्यांची, चिरांची, आणि कमी झालेल्या जाडीची.

बसवतानाही काही गोष्टी पाहाव्या लागतात. मेस्त्रींनी हबचा माथा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केला. तेथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते. मग आपण ‘डिस्क वाकली’ म्हणून विक्रेत्याला दोष देतो. चाकाचे नट त्यांनी टॉर्क पान्याने, आलटून पालटून समोरासमोर आवळले. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग कमी केला. दर वेळी मधे थोडे अंतर चालवून ब्रेक निवू दिला आणि तापलेल्या अवस्थेत गाडी उभी करून पेडल दाबून ठेवले नाही. यामुळे पॅडचा एक समान थर डिस्कवर बसतो. नव्या जोडीला पहिल्या तीनशे किलोमीटरपर्यंत जपावे, हा त्यांचा आग्रहही आम्ही पाळला. लाल झाकणे घेतली नाहीत. कॅलिपरलाही वाऱ्याची गरज असते, आणि त्याला प्लास्टिक पांघरणे मला रुचले नाही.

आता पावसाळा संपला आहे. चिरंजीव या काळात सात वेळा घाट उतरून आले. डिस्कचा मधला भाग अजून तसाच रुपेरी आहे आणि पॅडची वाट लखलखीत. नातीला चाकात ‘ताट’ दिसते. ते तिला आवडते, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडते.

पुतण्याने ती पंचवीस जोड्यांची योजना घेतली नाही. त्या हंगामात जवळच्याच एका दुकानात सोनेरी जोड्या चांगल्या खपल्या, हेही तो मला सांगायला विसरला नाही. तो तोटा त्याच्या वहीत कोठे लिहिलेला नाही, पण झाला हे मी जाणतो. त्याने आमची जुनी झिजलेली डिस्क आणि एक नवी डिस्क गल्ल्यावर शेजारी ठेवली आहे, आणि बाजूला मायक्रोमीटर. गिऱ्हाईक कंगोऱ्यावरून बोट फिरवते, प्रश्न विचारते, स्वतः माप घेते. कोणी छिद्रांची डिस्क मागितलीच, तर तो ती आणून देतो, पण नावाजलेल्या उत्पादकाची, आणि आधी सारे समजावून सांगून. त्यातले काही जण मग करडी जोडी घेऊन जातात, काही जात नाहीत.

वाचकहो, घरातील तरुणाने चाकाआड काही देखणे बसवण्याचा हट्ट धरला, तर त्याला थांबवू नका. त्याच्याबरोबर दुकानात जा. डिस्क हातात घेऊन कडेने आत पाहा, किमान जाडीची नोंद शोधा, पेटीवरचा पत्ता वाचा, आणि पॅड नेमका कोठे घासणार हे त्यालाच बोटाने दाखवायला सांगा. ते बोट फिरून जाईल त्या जागेवर रंगाचे पैसे देऊ नका. उरलेल्या जागेवर त्याच्या आवडीचा रंग खुशाल असू द्या.